पूल झाल्यावर होडीचे काय करावे

मी, खाली सही करणारी, नदीकाठच्या वस्तीत राहणारी होडीवाली, ग्रामपंचायतीची माजी सदस्य, लिहून ठेवते की माझे शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या धाकात न येता करत आहे. मला धाक दाखवील असे कोणी गावात उरलेलेही नाही. यापूर्वी मृत्युपत्र केले नव्हते, कारण देण्यासारखे काही आपल्याकडे आहे असे कधी वाटलेच नाही.

१. राहते घर, पडवी व मागचे परसू माझ्या लेकीला द्यावे. तिने माझे म्हातारपण काढले आणि कधी बोलून दाखवले नाही. जावईबापूंनी बोलून दाखवले, पण तेही मला अंघोळीचे पाणी काढून देता देता. म्हणून तक्रार नाही.

२. लोखंडी ट्रंक धाकट्या जाऊबाईंना द्यावी. मी पुलासाठी हात वर केला तेव्हा कंत्राटदाराने माझी ट्रंक भरली, असे त्या गावभर सांगत सुटल्या होत्या. कंत्राटदार नव्हताच, पूल गावाने बांधला. तरी ट्रंक त्यांनी चार बायकांसमक्ष उघडावी. आत एक जुने घोंगडे आहे, तेही त्यांनाच. पुलावरून सर्वांत आधी माहेरी गेल्या त्या याच, एवढी नोंद असू द्यावी.

३. पलीकडच्या काठावरची घंटा, जी वाजवून लोक मला बोलावत, ती पंचायतीला द्यावी. सभेत सगळे एकदम बोलू लागले की वाजवावी. रोज लागेल.

४. होडी, वल्ही, दोर व लांब बांबू माझ्या मुलाला, ज्याला आम्ही भोवरा म्हणतो, द्यावेत. याचे कारण सविस्तर लिहिते, कारण तो माझ्याशी बोलत नाही. निदान वाचेल तरी.

आमच्या पंचायतीचा एक नियम आहे. एखाद्या कामात ज्याचे सर्वांत जास्त जाणार, त्याने आधी बोलायचे. तो बोलेपर्यंत हात मोजायचे नाहीत. पुलाचा ठराव आला तेव्हा आमच्या सरपंच, शिंपीणबाई, उठून म्हणाल्या, "मावशी, आधी तुम्ही. तुम्ही बोलल्याशिवाय आम्ही कुणी तोंड उघडणार नाही."

आणि खरोखर कोणी उघडले नाही. शेतवाले, दुकानदार, मास्तर, वरच्या आळीतली मंडळी, जी होडीत बसताना माझ्याकडे पाहतही नसत, ती सगळी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वल्हवता येते, बोलता येत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. तरी थांबली. माझ्या अंगावर काटा आला. आपण सगळे मिळून इतके मोठे असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हते. अजूनही ती शांतता आठवली की हात आपोआप जोडले जातात.

भोवरा शेजारीच बसला होता. हळूच म्हणाला, "आई, नाही म्हण. माझ्या पोटाचं बघ." मी बघितलेच. पण मला पुराचे दिवसही दिसत होते. पाणी चढले की मी होडी बांधून ठेवी, आणि पलीकडे माणसे उभी राहत, कधी आजारी माणसाची खाट घेऊन. हाक ऐकू येई, जाता येत नसे. मी हात वर केला. भोवरा उठून गेला आणि पुढे पलीकडच्या काठावर बिऱ्हाड करून मासे धरू लागला. बहिणीकडे यायचे झाले तर आपल्या छोट्या डोंगीतून येतो, माझ्या खोलीत न डोकावता परत जातो. पुलावर त्याने आजवर पाऊल ठेवलेले नाही.

पुलाचे काम सर्वांनी पाहिले आहे. घरटी एक माणूस राबला. खाणीतले दगड माझ्याच होडीने आणले. "मावशी आपला धंदा आपणच बुडवते," अशी गवंडी थट्टा करी, आणि मीही हसे. पूल झाला त्या दिवशी मी मधोमध उभी राहून खाली पाहिले. सारा जन्म नदीवर गेला, पण नदी वरून कधी पाहिली नव्हती. केवढी होती ती! मागून माणसे चालली होती, गप्पा मारत, भांडत, कोणाची वाट न पाहता. हे आम्ही केले, असे मी मोठ्याने म्हणाले.

तरी भोवऱ्याचे गेले ते गेलेच. भरपाई म्हणून माझ्याकडे होडीच आहे.

सह्यांपूर्वी जोडलेला मजकूर: आज हे मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या वकीलबाई आल्या, आणि सरपंच साक्षीला आल्या. गवंडी दुसरा साक्षीदार होता, त्याला ताप आला. उद्या करू असे ठरत होते, तोच भोवरा दारात उभा राहिला. लेकीने मला न विचारता त्याला निरोप धाडला होता. वकीलबाईंनी त्याला कलम ४ वाचून दाखवले. तो म्हणाला, "साक्षीदार कमी पडतोय ना? मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळायचं आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीत तर होडी जाईल."

"जाऊ दे. पंचायतीला लिहा. मागचा पूर ओसरला तरी पूल गाळानं बंद होता, तेव्हा मीही पलीकडे अडकलेल्या माणसांत उभा होतो. माझ्या डोंगीत दोघंच मावतात, आणि आईची मोठी होडी इकडे बांधलेली दिसत होती."

"मग ती चालवायची कुणी?" मी विचारले. पूल झाल्यापासून मी त्याला विचारलेले हे पहिलेच.

"मी आहे ना," तो म्हणाला.

सबब कलम ४ मधील दान माझ्या समक्ष खोडले असून तेथे माझी सही आहे. होडी व तिचे सामान पंचायतीला द्यावे. चालवणारा पंचायत नेमील, मी कोणाची शिफारस करत नाही.

तो कसा आला, असे मी लेकीला कानात विचारले. ती म्हणाली, "पाय बघ त्याचे." होडीने येणाऱ्याचे पाय घोट्यापर्यंत भिजलेले असतात. भोवऱ्याचे कोरडे होते.

लिहून देणार: होडीवाली (सही)
साक्षीदार: शिंपीणबाई, सरपंच (सही)
साक्षीदार: भोवरा, लिहून देणारीचा मुलगा (सही)
ठिकाण: माझ्या घराची पडवी, धक्क्याजवळ
दिनांक: ग्रामसभेचा आदला दिवस, दुपार