पहिला वन्स मोअर

बाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. वर्गात पुस्तकं मिटायला लावून तुम्ही कविता म्हणायचात. "ओळ डोळ्यांनी नाही, कानांनी वाचा," हे तुमचं ठरलेलं वाक्य. त्या आवाजाच्या भरवशावर मी आयुष्यभर ओळी गुणगुणत आलो. आज मात्र कविता सुचत नाही. शाळेच्या गॅदरिंगमधलं ते नाटक आठवतं आहे, आणि हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही म्हणूनच लिहायचं धाडस होतं आहे.

रविवारी पलासियाजवळच्या एका लहानशा हॉलमध्ये माझ्या नातीचा सिनेमा दाखवला. इथल्याच पोरांनी जमवाजमव करून केलेला. एक मुलगी शाळा संपवून मोठी होते, एवढीच गोष्ट; ती मुलगी झाली होती माझी नात. त्यात एके ठिकाणी ती पलंगावर बसून वारलेल्या आईच्या साडीची घडी घालते. घडी जमत नाही, ती पुन्हा उलगडते, आणि एकाएकी साडीत तोंड खुपसते. मी चष्मा पुसला. फिकट हिरवी महेश्वरी, पदराजवळ रफू. ते रफू माझ्या लेकीनं, म्हणजे हिच्या आईनं, माझ्यासमोर खिडकीत बसून केलं होतं. लेक जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ही माझ्याकडेच असते, तुकोगंजात. घरात ती एकदाही रडलेली नाही.

सिनेमा संपला तसे लोक तिच्याभोवती जमले. "क्या नॅचरल ॲक्टिंग है भिया," कुणी म्हणालं. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "आजोबाजी, रडवलं हो तुमच्या नातीनं. एवढ्याशा पोरीला हे येतं कुठून?" दिग्दर्शक पोरगा खुशीत होता. साडी घरून आणायची आयडिया त्याचीच. परतताना रिक्षात मी तिला विचारलं, "जड गेलं असेल ना गं?"

"सात टेक झाले, आजोबा. पहिल्या तिनांत खूप रडले. सातव्याला काहीच वाटलं नाही. तोच ठेवलाय त्यांनी." मग बाहेर बघत म्हणाली, "बरंच झालं ना?"

आमच्या वर्गातला तो मुलगा तुम्ही विसरला नसाल. त्याची आई त्या दिवाळीत वारली होती. नाटकात आजारी आईच्या उशाशी पाण्याचा पेला घेऊन बसायचं काम तुम्ही त्यालाच दिलंत. पोराचं मन मोकळं होईल, असं तुम्हाला वाटलं. तो असा रडला की हॉल चिडीचूप. मग वन्स मोअर आला. वन्स मोअर आला की नटानं प्रवेश पुन्हा करायचा, हा आपला रिवाज. तुम्ही विंगेतून मान डोलावलीत, त्यानं पेला पुन्हा उचलला. मग आणखी एक वन्स मोअर. तिसऱ्या खेपेला त्यानं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात विचारलंत, "पहिला वन्स मोअर कुणाचा?" कोणी उठलं नाही. "बसा तर मग तसेच," म्हणालात, आणि घंटा होईपर्यंत वह्या तपासत राहिलात. पुढे कधी नाटक बसवलं नाहीत. तो मुलगा त्यानंतर वर्गात बोललेला मला आठवत नाही. उन्हाळ्याआधी घरच्यांनी शाळेतून त्याचं नाव काढून घेतलं.

शनिवारी नात पुढच्या शूटिंगला निघते आहे. दिग्दर्शक तोच. "इस बार और अंदर जाना है," असं सांगितलंय त्यानं. साडी बॅगेत सगळ्यात वर आहे. गेले चार दिवस ती आरशासमोर बसते, फोनवर लोकांनी केलेलं कौतुक वाचते, मग तो चेहरा पुन्हा करून बघते. हे लिहिताना शेजारच्या खोलीतून तिचं "आई" ऐकू येत होतं. एकदा मोठ्यानं, मग जरा खालच्या सुरात, मग नुसता श्वास. कान तुम्हीच तयार केलेत, बाई. त्या तिन्हींत कुणीच नव्हतं.

पेन ठेवून उठलो. आज सांगायचंच, ती साडी काढ, जाऊ नकोस. दारात मला बघून ती वळली. "आजोबा, सांगा ना, कोणतं खरं वाटतं?" कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे अशी बघत होती.

बाई, त्या दिवशी वर्गात ज्यानं उठायला हवं होतं, तो मी. आणि आत्ता, दाराची चौकट धरून, मी तिला म्हणालो, "दुसरं. पुन्हा एकदा म्हण बरं."