सोडलेली कानमुशी

मु. झाई

प्रिय निधी,

फोनवरच बोलले असते, पण तुझा फोन सासूबाईंच्या समोर स्पीकरवर असतो. म्हणून लिहिते. आळीव, मेथीचे लाडू, सुके बोंबील पोचले ना? तू खा. सगळ्यांना वाटून मोकळी होऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

मुशी का नाही पाठवली, ते माझ्याकडून ऐक. बाळंतिणीला दूध यावं म्हणून माहेरून मुशीचा मासा जातो, ती रीत मी मोडली. भावेशराव स्वतः डहाणूहून मुशी न्यायला आले होते. नेमकी त्याच सकाळी तुझ्या बाबांच्या जाळ्याला कानमुशी लागली. दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखं डोकं, अजून जिवंत. जावईबापू म्हणाले, हीच द्या. मी तिच्या पोटावर हात ठेवला तर आत पिल्लं हलत होती. बंदरावर माशांची पाहणी करायला योगिता मॅडम येतात ना, त्या मागेच सांगून गेल्यात की ही जात जगातूनच संपत चाललीय. त्यांनी सांगायलाच हवं होतं असं नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा टोपलीत कानमुशी असायचीच, आता वर्षात एखादी दिसली तर दिसली. बाबा आणि मी कमरेभर पाण्यात शिरलो आणि तिला ढकलून दिली. शेपटी मारून गेली. पुढे जगली की नाही, देव जाणे.

आता तुझ्या घरी बोंब आहे म्हणे, आईने लेकीच्या तोंडचा घास समुद्रात फेकला. बंदरावरही हसतात, म्हातारीला माशांचा पुळका आलाय म्हणतात. हसू देत. तुला दूध कमी येतंय ते अंगावर काम पडतंय म्हणून. ओली बाळंतीण पाण्याचे हंडे उचलते आणि दोष मुशीला, ही वडाची साल पिंपळाला लावायची तऱ्हा झाली. दवाखान्यात दाखव आणि झोप काढ. एका आईच्या दुधासाठी दुसरीचं पोट फाडणं मला जमणार नाही. उद्या पुन्हा लागली तर पुन्हा सोडेन.

भावेशरावांचा निरोप आलाय, आधी विहीणबाईंची माफी मागा, मगच बारशाला या. मी माफी मागणार नाही आणि बारशाला येणार आहे. माझ्यासाठी तू कुणाशी भांडू नकोस. अंगडं-टोपडं घेऊन येईन, आत घेतलं नाही तर ओट्यावर बसेन. तू फक्त एवढंच कर, बाळाला बाहेर आण आणि माझ्या मांडीवर दे.

तुझीच हट्टी,
आई