बाबूसिंगच्या फोटोतला ट्रक

।। जय सेवालाल ।।

तांडा, कनेरगाव नाका
३ सप्टेंबर २०२४

ती. बापूस,
दिपाचा शि. सा. न. वि. वि.

फोटोतली गाडी ओळखली, तर फोटोतला माणूस कधीपर्यंत जिवंत होता हे सांगता येतं का? आजीने मला हे विचारलं. इतिहास घेऊन बी.ए. झालेली घरातली पहिली पोरगी ओढणीशी चाळा करत बसून राहिली.

सुरुवात माझ्याच उद्योगाने झाली. तांड्यातल्या जुन्या फोटोंतल्या मोटारी, इंजिनं, ट्रॅक्टर ओळखून त्यांची सालं लावायची, म्हणजे आपल्या लोकांचाही लिहिलेला इतिहास होईल, असं मी मनावर घेतलं आहे. शेजारच्या भिकाबाईच्या सासऱ्याच्या फोटोतली मोटार औंढ्याच्या जत्रेतल्या फोटोवाल्याची, प्लायवूडची निघाली. चाकातले खिळे मी बोटाने दाखवले, तर भिकाबाई म्हणाली की शिकल्यासवरल्या पोरीनं आमची मोटार एका घडीत भंगारात घातली. सगळे हसले. आजी हसली नाही. तिने पेटीतून आजोबांचा फोटो काढला. इंजिनाचं नाक पुढे आलेला जुना ट्रक आणि त्याच्या दाराला हात लावून उभे आजोबा.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा सलग लिहून बघायचं आहे. एकाहत्तरच्या पावसाळ्यात किशनरावांचा ट्रक पैनगंगेच्या फरशी पुलावरून वाहून गेला. ट्रक सापडला, चालवणारे आजोबा सापडले नाहीत. तुम्ही तेव्हा आजीच्या पोटात होता. काही महिन्यांनी आजोबांच्या धाकट्या भावाने, जळबाआजोबांनी, हा फोटो आणला आणि सांगितलं की दादा आदिलाबादकडे दुसऱ्या ट्रकवर आहे, फोटो तिकडून आला. म्हणून आजीने दंडावरचा पांढरा चुडा कधी उतरवला नाही.

आता त्या चुड्याखालीच जखम झाली आहे. शुगरमुळे डावा दंड सुजला आणि चुडा मांसात रुतला. हिंगोलीचे डॉक्टर म्हणतात, चुडा कापल्याशिवाय जखम धुता येणार नाही, आणि उशीर केला तर हात जाईल. आजी म्हणते, नवरा जिता असताना बाई चुडा काढत न्हाई, हात जाऊ दे.

हे फोनवर बोलता येत नाही. आपल्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि आजी कानाशी. म्हणून पत्र. काय करू ते लिहा. जेवणाची हयगय करू नका, आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेवा.

तुमची,
दिपा

भिवंडी
९ सप्टेंबर २०२४

चि. दिपास बापूचा अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र गोडाऊनच्या गेटावर मिळालं. ड्यूटीवर दोनदा वाचलं. सुपरवायझर म्हणला, कोर्टाची नोटीस आली काय. म्हणलं, लेकीचं पत्र हाय, तुला न्हाई कळायचं.

तू इतकी काहून घोळ घालून राहिली? तुज्या आजीला, माझ्या याडीला, सरळ सांग की गाडी ओळखली, फोटो पुराच्या आधीचा हाय, बाबूसिंग गेला. खरं असो का नसो. खोटं बोलायला डिगरी लागत न्हाई, पण डिगरीवालीचं खोटं याडी बराबर मानील. माझं काही मानत न्हाई. म्हणती, देविदास, तू धा नापास, तुला काय कळतं.

मला बाप ठाऊक न्हाई, याडी ठाऊक हाय. तिला तकलीफ नको. चुडा काढ, मंग तुजा इतिहास खुशाल लिही. तुज्या आईला सांग, मी बरा हाय. पत्र धाडत जा, तेवढाच घरचा वास येतो.

तुजा बापू

तांडा, कनेरगाव नाका
१४ सप्टेंबर २०२४

ती. बापूस,
दिपाचा शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण मी खोटं बोलणार नाही. आपल्या लोकांबद्दल आजवर कोणीही काहीही सांगितलं, आणि आपण ते मानलं. मीही तेच करायचं असेल तर शिकले कशाला?

मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या शौकीन लोकांचा एक गट आहे, त्यात फोटो टाकला. उत्तरं लगेच आली. नाकावरच्या गोलात चांदणी आहे, कंपनीची ही खूण पुढे बंद झाली, म्हणजे गाडी सत्तर सालाच्या आधी बनलेली. मला वाटलं, झालं. पण एकाने विचारलं की ताई, तुमच्या दारात आज उभी असलेली गाडी कधीची? गाडीवरून एवढंच कळतं की फोटो तिच्याआधीचा नाही. जुन्या गाडीजवळ माणूस वीस वर्षांनीही उभा राहू शकतो.

मी आजीला हे जसंच्या तसं सांगितलं. बापू, तिचं तोंड कसं उजळलं! सगळ्या तांड्याला सांगत सुटली की दिपानं सिद्ध केलं, माणूस जिता असू शकतो. ड्रेसिंगला आलेल्या नर्सबाईला तिने दारातूनच परत पाठवलं. जखमेला आता वास येतो. मी खरं बोलले, आणि त्याने तिचा चुडा आणखी घट्ट केला.

१८ सप्टेंबर

पत्र टाकायचं राहून गेलं होतं. बरं झालं.

त्या गटातल्या नागपूरच्या एका गृहस्थांनी पुन्हा कळवलं की नाक पाहू नका, केबिन पाहा. तेव्हा कंपनीकडून नाक आणि नुसता सांगाडा यायचा, लाकडी केबिन गावोगावचे सुतार आपल्या हाताने बांधायचे. एकासारखी दुसरी नसायची. आजोबांच्या फोटोत खिडकीखाली कोरलेला अर्धा सूर्य आहे, आणि त्याची एक बाजू झाकणारा पत्र्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला आहे.

आज नाक्यावर किशनरावांच्या घरी गेले. किशनराव आता नाहीत, त्यांच्या पत्नी यशोदाबाई आहेत. त्यांच्या भिंतीवर दसऱ्याच्या पूजेचा फोटो आहे. ट्रकपुढे सगळं घर उभं. तोच अर्धा सूर्य, तोच पत्रा. हा कोणता ट्रक, असं विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं होताच कुठं दुसरा, पैनगंगेत गेला तोच. नंतर भंगारात दिला.

मी आजोबांचा फोटो पुढे केला. त्यांनी लगेच ओळखला. पुराच्या आदल्या वर्षीच्या त्या दसऱ्याला हिंगोलीहून फोटोवाला आणला होता, घरच्यांचा झाल्यावर ड्रायव्हरचाही एक काढला. फोटो त्यांच्याकडेच राहिला होता. पुरानंतर त्यांनीच तो जळबाच्या हाती दिला, घरात लावायला, आठवण म्हणून. आदिलाबादचं नावही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणजे जळबाआजोबांनी ते मनानेच रचलं, आणि आता विचारायला तेही हयात नाहीत. यशोदाबाई म्हणाल्या, तुझी आजी नानीबाई पोटुशी होती आणि अन्नाला शिवत नव्हती, म्हणून केलं असंल लेकरानं.

पत्र टाकून घरी जाते. तुमची माया ढळू देऊ नका.

दिपा

भिवंडी
२३ सप्टेंबर २०२४

चि. दिपास आशीर्वाद.

याडीला सांगू नको.

तुला खोटं सांग म्हणलो, तवा मला जड गेलं न्हाई, कारन बाप गेला हे मला खोटंच वाटत होतं. गेटावर कोनी म्हातारा डायवर आला की मी त्याला गाव विचारतो. आदिलाबादचा निघाला की चहा पाजतो. सुपरवायझर हसतो, म्हणतो देविदासला पावनेच लई. तुज्या आईलाही हे ठाऊक न्हाई. आता मी कुनाला काय विचारू?

हात गेला तर जाऊ दे. एका हातानं मानूस जगतो. याडी तिच्या मनातलं घेऊन जगली, तिला तसंच राहू दे. बापाचं ऐक.

बापू

हिंगोली
२७ सप्टेंबर २०२४

ती. बापूस,
दिपाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने आज इथे दवाखान्यात आणून दिलं. उशीर झाला, बापू. मागचं पत्र पेटीत टाकलं, त्याच संध्याकाळी मी आजीला सगळं सांगितलं होतं.

यशोदाबाईंकडून भिंतीवरचा फोटो मागून आणला होता. दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले. तिने सूर्यावर बोट ठेवलं, पत्र्यावर ठेवलं, मग दुसऱ्या फोटोत तेच शोधलं. शेवटी तिने विचारलं की जळबाला ठाऊक होतं का. मी हो म्हणाले. ती म्हणाली, मुडद्यानं मला भरल्या हातानं म्हातारी केली. एवढंच. मग तिने आपणहून डावा हात पुढे केला.

चुडा इथे कापला. आजीने उजव्या दंडावरचाही काढायला लावला. केसांतल्या सवाष्णीच्या चांदीच्या घुगऱ्या मी सोडवू लागले, तर माझा हात झटकला आणि एका हाताने चाचपडत स्वतः सोडवल्या.

पण विष हाडापर्यंत गेलं आहे. परवा हात खांद्यापासून काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर नुसत्या जखमेवर भागलं असतं. तुम्ही खोटं बोल म्हणून लिहिलं होतं, तेव्हाच मी ऐकलं असतं, तर हात राहिला असता. मी खऱ्याचा हट्ट धरला आणि आधी अर्धंच खरं नेऊन दिलं. आता पूर्ण दिलं, तर ती माझ्याशी बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून असते. माझ्या हातचं पाणी घेत नाही, नर्सबाईच्या हातचं घेते.

तुमच्या त्या चहाबद्दल मी आईला काही सांगितलं नाही.

रजा काढून या. आजोबांचं क्रियाकर्म कधी झालंच नाही, आणि ते मुलानेच करायला हवं. आपल्याकडे तांड्याच्या नायकाच्या कानावर घातल्याशिवाय माणूस गेला असं धरत नाहीत, आणि ती खबर पोरीने द्यायची रीत नाही. भिकाबाईने मला वाटेत अडवलं. म्हणाली, दिपे, प्लायवूडची मोटार काय, आता आजाही घालवला व्हय? बापाला तरी येऊ दे. मी थांबले नाही. काल रामप्रसाद नायकांच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असताना गेले, आणि बाबूसिंग एकाहत्तरच्या पुरात वारले असं सांगून आले.

तुमची,
दिपा