‘सोड’ म्हणणाऱ्या पेशी

४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी हजर! धनुर्वाताची लस बनवणारी प्रयोगशाळा. चकचकीत फरशी, काचेची कपाटं, खिडकीखाली उंदरांचे पिंजरे. आमचे वरिष्ठ सगळं फळ्यावर काढून समजावतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. लशीचा बूस्टर घेतलाय ना, असं त्यांनी विचारलं. मी बेधडक हो म्हणून टाकलं. दुसऱ्याला सुई टोचताना माझा हात कापत नाही. स्वतःला टोचून घ्यायचं म्हटलं की तारीख पुढे ढकलते. घेईन पुढच्या आठवड्यात. घरी ताईला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

६ मार्च
मास्तरांनी जिवाणूच्या विषाची करामत सांगितली. ते मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतं आणि सरकत सरकत पाठीच्या कण्यापर्यंत चढतं. तिथल्या काही पेशी स्नायूंना ‘सोड, आता पुरे’ असा निरोप धाडतात. तो निरोप बाहेर सोडणारं प्रथिनच विष कापून टाकतं. मग स्नायू आवळतच राहतात. नंतर त्यांनी एक उंदीर दाखवला. उलटा वाकून कडक झालेला. डोळे मात्र जिवंत. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

९ मार्च
विष टोचताना उंदीर वळवळला आणि सुई माझ्या डाव्या अंगठ्यात घुसली. मास्तर शेजारच्याच खोलीत होते. सांगितलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. अंगठा धुतला, पट्टी लावली, गप्प बसले.

११ मार्च
अंगठा तळहातात रुतून बसलाय. ओढला तरी सुटत नाही. जबडा जड. ताई म्हणाली, एवढं हसायला काय झालं?
मी हसत नव्हते.

१२ मार्च
मास्तरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, लगेच गाडी काढली. रुग्णालय. प्रतिविष दिलं. पण पेशीच्या आत गेलेल्या विषाला ते गाठत नाही. नऊ तारखेलाच बोलली असतीस तर वाटेतच गाठलं असतं, म्हणाले.

१३ मार्च
नर्सच्या हातून ट्रे पडला. त्या आवाजासरशी पाठ उसळली — डोकं आणि टाचा तेवढ्या गादीवर. दाढ फुटली. जीभ दातांत. तोंडभर रक्त. पाठीत कडकन काहीतरी मोडलं. शुद्ध जात नाही — सगळं कळतं. जराही आवाज नको —

१४ मार्च
घशात नळी घालणार. तोवर उजवा हात माझा —
दारात ताई. रडतेय. डॉक्टर खुणेने गप्प म्हणताहेत — तिचं लक्षच नाही — माझ्याकडेच बघत —
ताई, हाक नको मारू — नको — तिने तोंड उघड