उलटा फिरणारा पंखा

बोहदान,

तळघरातल्या हीटरच्या पंख्याला तू शुक्रवारी बसवलेली मोटर उलटी फिरते आहे. उलटा पंखाही थोडी हवा फेकतो. तेवढ्यावर तू खूश झालास. बाहेर उणे एकतीस आहे. तुझी आई तीन दिवस कोट घालून जेवते आहे आणि तू तिला सांगतोस, "ममा, वय झालं की थंडी वाजायचीच." ममांचं वय नेमकं शुक्रवारीच झालं का?

वीज बंद कर. मोटरवरच्या चित्रात दाखवलेल्या दोन तारांची अदलाबदल कर. चित्र आधी बघ.

ममांना मी माझ्या बहिणीकडे नेते आहे. दारात त्या म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस गं, बिचारा दिवसभर खपलाय." म्हणून तुझी वाट न बघता निघाले. घर एकवीस अंशांवर आलं की त्यांना फोन कर. मला करायची गरज नाही.

इरीन