आबांच्या चादरी वाळत नाहीत

८ जुलै
आजही तेच. आबांच्या चादरी सकाळी ड्रायरात टाकल्या. भाकरी झाल्या, भांडी झाली, तरी वरून गरम आणि घडीत गार. पुन्हा लावला. बाहेर झड लागलीय, दोरीवर टाकायची सोय नाही. डायपरनं पाठीची जखम चिघळते म्हणून डॉक्टरांनी बंद केलाय. म्हणजे चादरी, चादरी आणि चादरी. सासऱ्यांचं करायला माझी ना नाही. पण कंबर...

९ जुलै
ड्रायरची जाळी धुतली. कपड्यांच्या लवेचा जाड थर निघाला. वाटलं, सापडलं. नाही. मग कमी कपडे टाकून पाहिले. तेवढाच वेळ.
पुण्याहून जाऊबाईंचा फोन. मशिन त्यांचंच, नवीन घेतलं तेव्हा हे इकडं पाठवलं. "अगं, आमच्याकडं बघता बघता वाळायचं. तू जास्त कोंबत असशील." असेन.

११ जुलै
शिरूरहून मेकॅनिक आला. हीटर बघितला, मोटर बघितली. "ताई, मशिन ओके हाय. तुमच्या केंदूरला व्होल्टेजच मिळंना, त्याला मशिन काय करणार?" चहा पिऊन गेला.
हे कंपनीतून आल्यावर ह्यांना सांगितलं. "बघू रविवारी," म्हणाले. घास हातात आणि डोळे मिटत होते. भांडायचं होतं. नाही भांडले.

१२ जुलै
ओलसरच चादर घातली. दुसरी नव्हती. आबांनी डाव्या हातानं चाचपून बघितली. लकवा झाल्यापासून शब्द मोजकेच येतात. मीच तोंड फिरवलं.

१४ जुलै
आबांना ताप. लघवी गडद, उग्र वास. डॉक्टर घरी येऊन गेले. "पाणी किती पितात?" म्हटलं, भरपूर. फुलपात्र उशाशी सारखं भरून ठेवते, रिकामं होतं.
दुपारी सहज दारातून आत पाहिलं. आबा तेच फुलपात्र डाव्या हातानं उचलून खिडकीबाहेर ओतत होते.
"आबा, हे काय हो?"
बराच वेळ ओठ नुसते हलले. मग म्हणाले, "चादर... वाळंना. तुला लई..." पुढचा शब्द आलाच नाही.
मशिन त्यांच्याच खोलीत. दिवसभर त्याची घरघर ऐकत पडलेले असतात. मी काय काय पुटपुटत असते, तेही ऐकत असणार. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१५ जुलै
ह्यांना रजा टाकायला लावली. प्लग काढून दोघांनी मशिन पुढं ओढलं. दमट हवा बाहेर सोडणारा मागचा पाइप भिंतीला दबून पार चपटा झालेला. आबांची व्हीलचेअर वळावी म्हणून ह्यांनीच मध्यंतरी मशिन मागं सरकवलं होतं. पाइप काढला तर आत ओल्या लवेचा नुसता लगदा. भिंतीबाहेरच्या तोंडाशीही तेच.
"मीच ढकललं व्हतं गं."
"राहू द्या. ते टोक धरा."
साफ करून पाइप सरळ बसवला. स्वयंपाक व्हायच्या आत चादर वाळली. खडखडीत. उगाच गालाला लावून पाहिली.
पण मशिन आता पुढं आलंय, खुर्ची वळत नाही. आबांना बाहेर ओट्यावर न्यायचं तर दोघं लागतात. हे दिवसभर कंपनीत.

१६ जुलै
गरम चादर आबांच्या हातात दिली. "बघा, वाळली. आता पोटभर प्या."
"व्हय."
दोन घोट घेतले. माझ्याकडं बघत, माझी समजूत काढल्यासारखे.

१८ जुलै
ताप उतरलाय. जाऊबाईंनी विचारलं, "झालं का मशिन नीट?" म्हटलं, झालं.
आबा आता पाणी ओतून देत नाहीत. नुसतं राहू देतात. सकाळचं फुलपात्र दुपारी तसंच होतं, वर बारीक धूळ. सवय लागली असेल कमी प्यायची? की अजून माझाच विचार? विचारायचं कसं, त्यांना सांगता कुठं येतंय.
पाणी बदललं, चमचा घेतला, शेजारी बसले. "आबा, घोटभर?"
डोळे मिटून घेतले. झोप लागली की सोंग, कळेना. ओठ सुकलेत. चमचा भरून धरलाय मघापासून एका हातात, दुसऱ्या हातानं हे लिहितेय