रशियन राणीच्या बाहीची लेस

अण्णा,

तुमची ती रशियन राणी आता आपल्याच गावातल्या एका हॉटेलात, लिफ्टच्या शेजारी टांगलेली आहे. गेल्या आठवड्यात सुनेच्या माहेरच्या लग्नाला गेले, तर अचानक समोर आली. ज्यांच्यासाठी तुम्ही ती रंगवलीत त्या हुणसूरच्या तंबाखूवाल्यांच्या नातवंडांनी बंगला पाडला तेव्हा हॉटेलवाल्यांनी ती घेतली म्हणे. खाली पितळी पाटीवर तुमचं नाव आहे, आणि नावाखाली ‘राजवाड्याचे चित्रकार’. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तेवढ्याने भागत नाही, म्हणून लिहिते.

राजवाड्याचं काम सुटून तुम्हाला बरीच वर्षं झाली होती. ज्या हातांनी महाराजांचे दरबारी पोशाख रंगवले, त्याच हातांनी तुम्ही देवराज मोहल्ल्यातल्या दुकानांच्या पाट्या करत होता, आणि त्याबद्दल घरात कुणी बोललेलं तुम्हाला खपत नव्हतं. अशात तंबाखूवाले आले. व्यापाराच्या निमित्ताने रशियाला जाऊन आलेले. तिथल्या एका जुन्या राजवाड्यात, जिथे आता लोक तिकीट काढून हिंडतात, त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सम्राज्ञीचं भलंमोठं चित्र पाहिलं होतं. त्याची वहीच्या पानाएवढी छापील प्रत घेऊन आले आणि म्हणाले, अगदी असंच हवं, पण दिवाणखान्याच्या भिंतीएवढं. प्रतीत चेहरा स्पष्ट होता, पण साटीनच्या चुण्या काही कळत नव्हत्या. म्हणून मी उभी राहिले. आईने जुन्या पलंगपोसाला कापूस टाचला, त्यात काळ्या लोकरीचे झुबके लावले आणि राणीचा केसाळ झगा तयार केला. सगळा उन्हाळा मी तो खांद्यावर घेऊन उभी आहे. जरा हलले की तुम्ही कॅनव्हासमागून म्हणता, “सुम्ने उभी राहा.” घरात आपण मराठी बोलायचो, पण गप्प बसवायचं असलं की तुम्हाला कानडी आठवायची.

त्याच उन्हाळ्यात मला बडोद्याहून चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेचं बोलावणं आलं. मामा सोबत यायला तयार होता, आईने फराळाचं करायला घेतलं होतं. तुम्ही वर न बघता सांगितलंत की चुण्या एकदा मोडल्या की पुन्हा तशा बसत नाहीत, ती पुढच्या वर्षी जाईल. पुढच्या वर्षी तुम्ही माझं लग्न ठरवलंत.

चेहरा तुम्ही उन्हाळ्यातच, मी समोर उभी असताना, करून ठेवला होता. पावसाळा लागता लागता मोतीबिंदू वाढला, आणि बाहीवरची लेस तुम्हाला जमेना. तीनदा रंगवून तीनदा पुसलीत. मग एका दुपारी बारीक ब्रश माझ्या हातात दिलात. बाह्यांची, गळ्याची, सगळी लेस मी केली. शेजारी बसून तुम्ही मोठ्या ब्रशने मागचा पडदा करत होता. आपण दोघं एकाच कॅनव्हासवर काम करतोय, एवढ्यानेच मी हुरळून गेले होते. बडोद्याचं दुःखसुद्धा त्या दिवसांत मला वाटेनासं झालं होतं.

तंबाखूवाले चित्र न्यायला आले तेव्हा मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ते अगदी जवळ जाऊन म्हणाले, “ही लेस तर चिमटीत धरावीशी वाटते.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पाहिलंच नसतंत तर मी कधीच विसरून गेले असते. पाहिलंत, आणि मग त्यांना म्हणालात, “राजवाड्यात शिकलेला हात आहे, साहेब.” संध्याकाळी जेवताना मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? तुम्ही भात कालवत होता. “चित्रावर सही एकाचीच असते,” एवढंच म्हणालात. आई पाठमोरी बसून सार ढवळत राहिली.

पुढे मी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर झाले, निवृत्त होईपर्यंत तिथेच. इंजिनिअरांची ड्रॉइंगं पारदर्शक कागदावर उतरवून काढायची: नटबोल्ट, दातेरी चाकं. घरी कुणी आलं की तुम्ही सांगायचात, “ती रेघा ओढते.” तिथे काय नियम होता ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. ट्रेस करणाराचीसुद्धा सही कोपऱ्यात लागायची, अण्णा. त्याशिवाय कागद पुढे जायचा नाही.

गेल्या आठवड्यातल्या त्या लग्नाच्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरीला मी कानडीतून सांगितलं की ही लेस माझ्या हातची आहे. “हौदा, आंटी?” म्हणाली. असं का, म्हणून हसली आणि जेवणाचा हॉल कुठे आहे ते दाखवलं. मग मी मुद्दाम राणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काहीतरी चुकलेलं सापडेल म्हणून. छापील प्रतीतली बाई नुसती देखणी होती. तुम्ही काढलेली दमलेली आहे. तिचे खांदे भरून आलेत, तिला खाली बसायचंय, आणि ते ती कुणाला सांगणार नाही. हे त्या प्रतीत नव्हतं. म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं. दिसत होतं, आणि तरी तुम्ही “सुम्ने” म्हणत राहिलात, ते सगळं रंगात उतरवून घेईपर्यंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू? काल मी पुन्हा त्या हॉटेलात गेले होते. काल तिथे कुणाचं लग्न नव्हतं.